काहिलीच्या मालकिणी

मी तांब्याची काहील. श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात नीराबाईची पडवी आहे, तिच्या एका भिंतीला टेकून मी उभी असते. लग्न निघालं की मला आडवी करतात, चार माणसं मला उचलून मांडवात नेतात, आणि साऱ्या वाड्याचा भात एका दमात माझ्यात शिजतो. भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो, एवढंच भांड्यांचं बोलणं असतं म्हणतात. पण माझ्यापायी माणसंच एकमेकांना एवढी लागली, की माझं प्रकरण थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. तेव्हा थोडं बोलायचा हक्क मलाही आहे.

माझा जन्म देश स्वतंत्र झाला त्या सालचा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ठमीच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. ठमी मासळीबाजारात बसली की बाकीच्यांचे आवाज आपोआप खाली येतात, अशी बाई. लग्नाची मोठी भांडी तेव्हा बाजारपेठेतल्या एका बड्या घरून मागून आणायची पद्धत होती. ठमीनं महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. ऐन सकाळी निरोप आला, "आमच्याच घरी कार्य निघालंय, भांडी मिळणार नाहीत." मग काय, घरोघरच्या टोपांत भात शिजवला. निम्मा करपला, निम्मा कच्चा राहिला. व्याही पानावर बसले, एक घास घेतला आणि म्हणाले, "येनबाई, यो भात हाय का वालूतलं शिंपलं?"

पंगत हसली. ठमीही हसली. पण रात्र सरली तशी ती उठली आणि दारोदार फिरली. "दर लगनाला लोकांच्या उंबऱ्यावर उभं ऱ्हायाचं? आपल्या घरात तांबं न्हाय का?"

तांबं होतं. कुणी गळका हंडा दिला, कुणी चेपलेला तांब्या, कुणी नुसतं झाकण. नीराबाई सगळ्यांत शेवटी आली. तिच्या हातात एक छोटी, लखलखीत कळशी होती. तिला कुठं पोचा नव्हता की भोक नव्हतं. तिची एकुलती एक मुलगी तापानं गेली होती, तिच्या रुखवतासाठी घेतलेली ती कळशी. बायका म्हणाल्या, "काकी, ही नको. ही ठेव." नीराबाई म्हणाली, "तिच्या लगनाला द्यायची व्हती. आता सगल्यांच्या लगनाला यील." आणि तिनं ती त्या ढिगावर ठेवली.

ठमीचा नवरा तुकाराम याच्या मचव्यातून तो ढीग निघाला. हरिहरेश्वराला वळसा घालून बाणकोटच्या खाडीत, तिथून सावित्रीनं वर महाडला. महाडला रतन तांबट होता. त्यानं ते सगळं वितळवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. मला आठवतं ते एवढंच, की आधी मी पुष्कळ जणी होते आणि मग एकटीच झाले.

काम संपल्यावर रतननं विचारलं, "नाव कुणाचं घालू?" भांड्यावर नाव घालायची रीतच आहे. ठमी आणि नीराबाईनं एकमेकींकडं पाहिलं.

"सगल्यांची घाल," ठमी म्हणाली.

"एवढी नावं घातली तर काहील दिसायची नाही, बाई, नुसता हजेरीपट दिसेल."

"मग ऱ्हाऊ दे," नीराबाई म्हणाली. "आमची हाय ती आमाला ठावं हाय."

अशी मी बिननावाची घरी आले. किनाऱ्यावर मला उतरवलं तेव्हा वाजंत्री होती, आणि वाड्यातल्या झाडून साऱ्या बाया हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या.

पुढची वर्षं फार मजेची गेली. लग्नं, बारशी, नारळी पुनवेचं जेवण, शिमग्याचं जेवण. मी पडवीत नीराबाईकडं असायची आणि ज्याला मी हवी त्यानं नारळ घेऊन तिच्याकडं यायचं, हा रिवाज पडला. ती पैसे घेत नसे. "नारल द्या, नि चिचंनं घासून परत आना," एवढंच. हळूहळू भंडारी आळीतली माणसंही नारळ घेऊन येऊ लागली, मोहल्ल्यातली मंडळीही येऊ लागली. जळाऊ लाकडाची वखार असलेले दयाराम, त्यांच्या मुलीच्या, मैनाच्या लग्नालाही पुढं मीच होते.

माणसांच्या सवयी मला चुलीवरून छान दिसतात. लग्नात सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो तो, ज्याच्याकडं काहीच काम नसतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझं झाकण उचलून आत डोकावतो, आणि शहाण्यासारखा "अजून वेळ आहे" म्हणून जातो. त्या झाकणाच्या उघडझापीनंच भाताला वेळ लागतो, हे त्याला कोण सांगणार!

आता दिनानाथची गोष्ट.

दिनानाथ हा सुपारीचा बागायतदार. मुंबईला शिकलेला, डोळ्यांवर चष्मा, डोक्यात सतत काहीतरी नवं. त्याला एक गोष्ट बोचायची: श्रीवर्धनची सुपारी मुंबईचे व्यापारी स्वस्तात नेतात, उकडून, रंगवून, डब्यात भरून आपल्यालाच महाग विकतात. ते इथंच का करू नये? त्यानं गावात भाग विकले आणि कंपनी काढली. तिचं नाव 'श्रीसमुद्र सुपारी कंपनी लिमिटेड'. बागेच्या कडेला पत्र्याची मोठी शेड उभी राहिली, वर निळ्या रंगाची पाटी लागली. सुपारी उकडायला मोठी काहील हवी होती. ती मुंबईहून येणार होती, पण येईना. तेव्हा दिनानाथ रिवाजाप्रमाणं नारळ घेऊन नीराबाईच्या पडवीत आला.

"सुपारी उकडनार?" नीराबाई म्हणाली. "माज्या काहिलीचं तोंड तुरट व्हईल."

"दर वर्षी कल्हई करून देईन, नीरामावशी."

"आन आमच्यात लगीन असलं का आमी घेऊन जानार."

"बिनधास्त न्या. काहील तुमचीच."

मुंबईची काहील आलीच नाही आणि मी कंपनीत राहिले. खोटं कशाला बोलू, मला तिथं आवडलं. ओल्या सुपारीचा वास जरा उग्र, पण सोलायला वाड्यातल्याच बाया यायच्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरात बसून राहायचं. त्या दिवसांत त्यांना कंपनीत काम मिळालं. सोलता सोलता गाणी चालायची, चेष्टा चालायची. दिनानाथ कधी रागावला नाही. उलट एखादी नवी थट्टा कळली नाही तर चष्मा सावरत विचारायचा, "हे काय म्हणालात?" मग तर हसून पुरेवाट. लग्न निघालं की बाया मला घेऊन जायच्या आणि काम झालं की परत आणून ठेवायच्या. गावातलं कुणी मागायला शेडवर आलं तर दिनानाथ म्हणायचा, "मला काय विचारता? नीरामावशींकडं नारळ घेऊन जा."

एकदा बँकेचा माणूस पाहणीला येणार होता. कंपनीला कर्ज हवं होतं. आदल्या दिवशी दिनानाथनं एका कारागिराला आणलं आणि शेडमधल्या तराजूवर, घमेल्यांवर, सगळ्या सामानावर कंपनीचं नाव कोरायला लावलं. माझीही पाळी आली. छिन्नीचे टोले बसले ते माझ्या काठावर अजून आहेत.

ठमी सुपारी सोलत बसली होती. ती उठून आली आणि त्या अक्षरांवरून हात फिरवून म्हणाली, "ही काय वेलबुट्टी काढलीस रं, दिनुभाऊ?"

दिनानाथ जरा ओशाळला. "कंपनीचं नाव आहे. नुसतं दिसायला हो. बँकेच्या माणसाला कारखाना भरलेला दिसला पाहिजे."

"दिसायला का? मग काढ काढ. जरा मोठं काढ."

सगळ्या हसल्या. कुणाच्याच मनात पाप नव्हतं. दिनानाथच्याही नव्हतं.

पण सुपारी काही कुणाच्या मनाकडं बघून पिकत नाही. एका साली पाऊस लांबला, गोदामातला माल बुरशीनं काळा पडला. त्याच साली मुंबईच्या ज्या दुकानदाराला डबे पाठवायचे, तो दुकानाला कुलूप लावून नाहीसा झाला. कंपनीला धाप लागली. दयाराम लाकडाचे पैसे मागायला रोज शेडच्या दारात येऊन उभे राहू लागले. एका सकाळी दिनानाथ इतका वैतागला, की त्यांना म्हणाला, "माझ्याकडं काही नाही हो. शेडमधलं हवं ते उचलून न्या!" वैतागात माणूस काय बोलतो ते त्यालाही आठवत नाही, ऐकणाऱ्याच्या मात्र बरोबर लक्षात राहतं.

शेवटी बँक कोर्टात गेली आणि कंपनी बंद करायचा हुकूम झाला. कंपनी मेली की तिची इस्टेट विकून ज्याचं त्याचं देणं भागवायचं, आणि त्यासाठी कोर्ट एक साहेब नेमतं. त्याला म्हणतात लिक्विडेटर. वाड्यातल्या जिभांना ते नाव काही झेपलं नाही. साहेब आले ते छत्री काखेत मारून शेडभर इकडंतिकडं बघत फिरले, म्हणून बायांनी त्यांचं नाव ठेवलं 'इकडंतिकडंसाहेब'. तेच शेवटपर्यंत चाललं.

साहेब वयस्क, बारीक अंगाचे, बोलायला सौम्य होते. त्यांच्या कारकुनानं प्रत्येक वस्तू लिहून घेतली, माझ्या कडीला सुतळीनं एक कागद बांधला, दाराला कुलूप घातलं आणि वर लाखेची मोहोर लावली. आत मी आणि काळोख.

नेमकं त्याच वैशाखात ठमीच्या मुलीचं, केसरचं लग्न ठरलेलं होतं. नीराबाई आणि ठमी मला न्यायला आल्या तर दाराला मोहोर.

"आमची काहील आत हाय," ठमी कारकुनाला म्हणाली.

"आत आहे ते सगळं कंपनीचं, बाई."

"काहील कंपनीची न्हाय. आमची हाय."

"हेच दयारामशेटही म्हणतात," कारकून म्हणाला. "ते म्हणतात, लाकडाच्या पैशांपोटी दिनानाथनं काहील त्यांना देऊन टाकली."

म्हणजे मला आता तीन मालक झाले! कंपनी म्हणे माझी, दयाराम म्हणे माझी, आणि वाडा म्हणे माझी. आयुष्यभर माझ्यावर कुणी मालकी सांगितली नव्हती, आणि आता सगळेच ओढू लागले.

साहेबांनी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून चौकशी ठेवली. मला पुरावा म्हणून बाहेर काढून अंगणात ठेवलं होतं, त्यामुळं मी सगळं पाहिलं. वाड्यातल्या बाया डोक्यावरच्या टोपल्या बाजूला ठेवून ओळीनं बसल्या.

साहेबांनी विचारलं, "या काहिलीची मालकीण कोण?"

सगळ्या उभ्या राहिल्या.

"तसं नाही. मालकीण कोण, तिनं उभं राहावं."

"मालकीनच उभी हाय," ठमी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्या जणी?"

"काही जनी बाजाराला गेल्यात. त्या पन हायेत."

ओटा हसला. साहेबही जरासे हसले, पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. पावती आहे का? नव्हती. कंपनीशी काही लेखी करार? नव्हता. बनवणारा कुठं आहे? रतन तांबट दोन पावसाळ्यांमागं वारला होता. मग त्यांनी दिनानाथला उभं केलं.

"बँकेला तुम्ही जी यादी दिली, तीत ही काहील कंपनीची म्हणून लिहिली आहे. खरं?"

दिनानाथचा चेहरा उतरला. लोकांची वस्तू आपली म्हणून बँकेला दाखवली, असं कबूल केलं तर स्वतःच अडकणार, आणि गप्प राहिला तर बायांची वस्तू जाणार. तो खाली बघत म्हणाला, "यादीत आहे." आणि बसला. नीराबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं मान वर केली नाही.

ठमीनं एक शेवटचा वार केला. "सायेब, आमच्या मालकाच्या होडीतनं तुमी खाडीपार गेलात नि छत्री तितंच इसरलात, तर छत्री होडीची व्हते का?"

"नाही होत," साहेब म्हणाले. "पण माझ्या छत्रीवर माझं नाव आहे, बाई. आणि या काहिलीवर कंपनीचं."

ठमी खाली बसली. ठमी वाद अर्धवट टाकून बसलेली मी त्या एकदाच पाहिली.

साहेबांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ते म्हणाले, "दयारामशेटचा दावा नुसता तोंडी आहे, तो मला मान्य नाही. तुमचाही तोंडीच. मी कोर्टाचा माणूस. नाव कंपनीचं, जागा कंपनीची, यादी कंपनीची. लिलावाच्या दिवसापर्यंत काही पुरावा आणलात तर मी ऐकेन. नाहीतर ही विकावी लागेल."

त्या दिवसांत वाड्यात जे बोलणं झालं ते मी पुढं पडवीत पुष्कळदा ऐकलं. तुकाराम म्हणाला, "घरटी वर्गनी काढू. लिलावात आपनच घेऊ. भांडन मिटंल, पोरीचं लगीन व्हईल." पुरुषांना ते पटलं. काही बायांनाही पटलं. ठमीच्या स्वतःच्या मुलीचं लग्न, तरी ती ताडकन म्हणाली, "आपलं भांडं आपनच इकत घ्यायचं, म्हंजे ते आपलं नव्हतं असं आपल्याच तोंडानं बोलायचं. मी एक पै देनार न्हाय. केसरचा भात टोपात शिजवीन."

"आन पुन्ना करपला तर?"

"करपू दे."

मग नीराबाई पुढं सरकली. ती म्हणाली, "मी बोली बोलनार न्हाय. पन लिलावाला जानार. माजी वस्तू दारातनं जाताना मी घरात बसनार न्हाय."

लिलावाला सारं गाव लोटलं. तराजू गेला, घमेली गेली, टेबलखुर्ची गेली, निळी पाटीसुद्धा एकानं कोंबड्यांच्या खुराड्याला म्हणून नेली. मग मला शेडच्या बाहेर आणलं. समोर कोळणी उभ्या होत्या, नीराबाई सगळ्यांत पुढं.

कारकून ओरडला, "तांब्याची काहील, वजनदार! बोला!"

कुणी बोलेना. एरवी दोन आण्यांच्या घमेल्यासाठी एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती. कारकुनानं पुन्हा पुकारा केला. मोहल्ल्यातले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि सरळ घरी चालते झाले.

तेव्हा दयाराम पुढं आले. घसा साफ करून त्यांनी बोली बोलली. माझ्या तांब्याच्या मानानं ती अगदीच हलकी होती.

"एक वार," कारकून म्हणाला.

दयारामांच्या मागं त्यांची मैना उभी होती. म्हसळ्याला दिलेली ती मुलगी चार दिवस माहेरपणाला आली होती, लिलावाची गंमत बघायला वडिलांबरोबर आली होती. तिला दाव्याबिव्याचं काहीच माहीत नव्हतं. ती आपल्या मोकळ्या आवाजात म्हणाली, "बाबा, ही तर माझ्या लग्नातली काहील! आपण नारळ देऊन मागून आणली होती ती. नीराकाकी विकतात का आता?"

कुणीतरी फिसकन हसलं. दयाराम कुजबुजले, "गप." पण साहेबांनी मान वळवली होती.

"थांबा," ते कारकुनाला म्हणाले. "मुली, इकडं ये. नारळ कुणाला दिलात?"

"ह्या काय, नीराकाकींना. मी आईबरोबर गेले होते."

"काहील तेव्हा कुठं होती?"

"इथंच, कंपनीत."

"कंपनीत होती, तर कंपनीला का नाही विचारलं?"

मैनाला प्रश्नच कळेना. "विचारलं की. दिनानाथभाऊच म्हणाले, मला काय विचारता, नीराकाकींकडं जा. आणि नारळ चांगला सोलून न्या, त्यांना शेंडीवाला आवडत नाही, असंही म्हणाले."

आता मात्र हशा उसळला. आणि त्या हशात माणसांच्या जिभा सुटल्या. भंडारी आळीतले एक जण पुढं आले: "साहेब, माझ्या मुलाच्या लग्नाला मीही तिलाच नारळ दिला. काहील शेडमधूनच उचलली." मागून दुसरे म्हणाले, "मीही." मघाशी चालते झालेले म्हातारे गृहस्थ परत आले होते, ते म्हणाले, "हमारी तीनों शादियाँ. हर बार नारियल इन्हींको." ज्यांना पुरावा हवा होता त्यांच्यासमोर सारं गाव उभं होतं, फक्त या आधी कुणी गावाला विचारलंच नव्हतं.

आणि मग दिनानाथ उठला. त्याला आता बोलायची गरज नव्हती. त्याच्यावाचूनही काम झालंच असतं. तरी तो टेबलापर्यंत आला.

"साहेब, ही कंपनीची कधीच नव्हती. मी मागून आणली होती. नाव मी कोरून घेतलं, बँकेला दाखवायला. यादीत मी घातली. काय व्हायचं ते मला होऊ दे."

साहेब म्हणाले, "हे तुम्ही शाळेच्या ओट्यावर सांगायला हवं होतं."

"हो," दिनानाथ म्हणाला.

नीराबाई पुढं झाली. मला वाटलं, आता ती त्याला चार शब्द सुनावणार. ती म्हणाली, "बस आता खाली. उनात उभा हायस कवाचा."

राहता राहिले दयाराम. साहेबांनी विचारलं, "शेट, तुम्ही स्वतः नारळ दिला होता?" दयारामांनी मुलीकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि पुटपुटले, "दिला होता. सोललेला." घरी जाताना ते मैनाला म्हणाले म्हणे, "तुझ्या तोंडाला कुलूप नाही." ती म्हणाली, "मी खोटं बोलले का?" ते म्हणाले, "खरं बोललीस, तेच तर सांगतोय!"

साहेबांनी लिलाव थांबवला. सगळ्यांचे जबाब लिहून घेतले. जपून ठेवायला दिलेली वस्तू, सांभाळणारा बुडाला म्हणून त्याची होत नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजेलसं सांगितलं. शेवटचा हुकूम मुंबईचं कोर्ट देणार. तोवर मला नीराबाईच्या सुपूर्द केलं. कागद लिहिता लिहिता ते अडले.

"मालक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

परत तोच प्रश्न! बायांमध्ये कुजबुज झाली. साहेबांनीच मग लिहिलं, आणि वाचून दाखवलं: 'कोळीवाड्यातील समस्त स्त्रिया.'

"आन ज्या अजून लगीन व्हऊन यायच्यात त्या?" ठमीनं विचारलं.

"त्या अजून आलेल्याच नाहीत, बाई."

"यीतील की. तवा तुमाला कुटं शोधायचं?"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली, परत उचलली. "कायद्यात बसवायला जरा त्रास होईल," ते म्हणाले, आणि त्यांनी 'आजच्या व पुढे येणाऱ्या' असे शब्द वर घातले.

केसरच्या लग्नाचा भात माझ्यात शिजला. असा मोकळा, फुललेला भात मी त्याआधी दिला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच दिला असेल. ठमीनं साहेबांना जेवायला बोलावलं होतं. ते म्हणाले, "हुकूम येईपर्यंत तुमच्याकडचं पाणीही मला चालायचं नाही." आणि छत्री काखेत मारून ते लाँचवर चढले. हुकूम वाड्याच्या बाजूनं आला, आणि त्याच वर्षी पुढं महाराष्ट्राचं राज्य झालं. बाया या दोन्ही गोष्टी अजून एका दमात सांगतात. त्यानंतर शेडची विक्री उरकायला साहेब शेवटचे आले, तेव्हा मात्र नीराबाईच्या पडवीत बसून पोटभर जेवले. कोलंबीच्या कालवणाला आधी नको म्हणाले. मग वाटी दोनदा पुढं केली.

दिनानाथला कोर्टानं चांगलंच खडसावलं, त्याची अर्धी बाग गेली. पण माणूस मोडला नाही. मच्छीमारांची सोसायटी निघाली तेव्हा वाड्यानं त्यालाच कामावर घेतलं. त्याच्या डोक्यात आता बर्फाचा कारखाना आहे. बाया म्हणतात, "काढ, पन आमची भांडी न्हाय मिलनार." माझ्यावरची अक्षरं घासून काढू का, असं कल्हईवाल्यानं विचारलं होतं. ठमी नको म्हणाली. नव्या सुना विचारतात, हे काय लिहिलंय? त्यांना सांगतात, "आमच्याकडं एक कंपनी व्हती. तिचं नाव."

नीराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. शांतपणे, पिकल्या फळासारखी. तिच्या दिवसांचा भातही माझ्यातच शिजला. पडवी आता तिच्या पुतण्याची बायको झाडते, आणि नारळही तीच घेते.

अलीकडं दिवस बदललेत. बाजारात मांडववाला आलाय. खुर्च्या, बत्त्या आणि हलकी ॲल्युमिनियमची पातेली भाड्यानं देतो. ती एकटा माणूस उचलतो. मला उचलायला चार जण लागतात आणि चौघांचा हल्ली मेळ बसत नाही. कधी कधी लागोपाठ दोन लग्नं मला सोडून होतात. मी रागावत नाही. भिंतीला टेकून वाजंत्री ऐकते.

पण या वर्षी एक नवलच झालं. केसर दिघीला दिलेली. तिकडच्या कोळीवाड्यातल्या पाच-सहा बाया घेऊन ती माहेरी आली. त्यांनाही स्वतःची काहील करायची होती. घरोघरचं तांबं गोळा झालं होतं. केसर म्हणाली, "आये, हिच्यातलं थोडं दे. इरजन लावायला."

तांब्याला विरजण! ठमी आता काठी टेकत चालते. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं वाड्यातल्या बायांना बोलावलं, कारण एकटीनं देणं तिच्या हातात नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी एक जाडजूड कडी कापून केसरच्या पदरात घातली. दुखलं का विचाराल, तर नाही. रुखवताची कळशी ढिगावर ठेवताना नीराबाईला जसं हलकं वाटलं असेल, तसं वाटलं.

परवाच निरोप आला, दिघीची काहील झाली. माझ्याहून थोडी मोठीच आहे म्हणे. असू दे. मुलीनं आईपेक्षा उंच व्हावंच.

तुमच्या घरी कार्य निघालं, तर या मला न्यायला. तीन कड्या आहेत. चौथ्या बाजूला दोरखंड बांधा, किंवा एखाद्या रिकामटेकड्या पाहुण्याला हात लावायला सांगा. पाणी भरपूर घाला, लाकडं सुकी लावा, झाकण सारखं उघडू नका. एकच विनंती आहे: मला रिकामी तेवढी जाळावर ठेवू नका. रिकाम्या भांड्याची कल्हई जळते. आधी तांदूळ आणा, माणसं बोलवा, मग खुशाल आग लावा. आग मला सोसते.